दोन नातू आणि एक भिंत

‘कट्यार काळजात घुसली’ हा चित्रपट नोव्हेंबर २०१५ मध्ये प्रदर्शित झाला आणि पुण्याच्या सांस्कृतिक वर्तुळात एक वाक्य वारंवार ऐकू येऊ लागले. शास्त्रीय संगीत पुन्हा सामान्य माणसापर्यंत पोहोचले, हे ते वाक्य. वर्तमानपत्री परीक्षणांतून, सत्कारांतून, दिवाळी अंकांतून ते फिरत राहिले. त्याच्या जोडीला एक इंग्रजी शब्दही रुळला, क्रॉसओव्हर. अमुक तरुण गायकाला क्रॉसओव्हर जमला, तमुक गायकाला तो जमेल का, अशी चर्चा आजही चालते. या वाक्यातील ‘सामान्य माणूस’ कोण, आणि हे ‘ओलांडणे’ कोणाला कोणत्या बाजूने करता येते, हे दोन प्रश्न मात्र या चर्चेत विचारले जात नाहीत. या लेखात मला तेच विचारावयाचे आहेत. मी संगीताची पदवीधर नाही. घरातली पहिली पदवीधर आहे आणि पुण्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवते. गाणे मी वस्तीतल्या कॅसेटींवर ऐकायला शिकले, नंतर मैफलींत बसून ऐकले. दोन्ही ठिकाणी कान माझेच होते.

प्रथम शब्दाचा विचार करू. क्रॉसओव्हर हा शब्द अमेरिकेतील ध्वनिमुद्रिकांच्या व्यापारातून आला. १९२० नंतर तेथील कंपन्या काळ्या गायकांच्या तबकड्या वेगळ्या मालिकेत काढू लागल्या आणि त्यांना ‘रेस रेकॉर्ड्‌स’ म्हणू लागल्या. ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाने १९४९ मध्ये हे नाव बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ असे केले. नाव सभ्य झाले, यादी वेगळीच राहिली. काळ्यांच्या यादीतले गाणे गोऱ्यांच्या यादीत गेले की ते क्रॉसओव्हर. म्हणजे हा शब्द जन्मतःच वेगळ्या पाणवठ्याचा शब्द आहे. आधी दोन पाणवठे करावयाचे आणि मग एखाद्याने दुसऱ्या पाणवठ्यावर पाणी प्यायले की टाळ्या वाजवावयाच्या, असा त्याचा व्यवहार आहे. नीना सिमोन या गायिकेला शास्त्रीय पियानोवादक व्हावयाचे होते. १९५१ मध्ये फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेने तिला प्रवेश नाकारला. तो आपल्या रंगामुळे नाकारला असे ती आयुष्यभर म्हणत राहिली. जी बाई त्या दाराने आत जाऊ शकली नाही ती दुसऱ्या दाराने जगप्रसिद्ध झाली. २००३ मध्ये, तिच्या मृत्यूच्या अगदी तोंडावर, त्याच संस्थेने तिला मानद पदवी दिली. आपल्या वाचकांना या गोष्टीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

आता ‘कट्यार’च्या गाण्यांकडे वळू. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे होते आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका वसंतराव देशपांडे करीत. चित्रपटात अभिषेकींच्या जुन्या चाली ठेवून शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या चाली जोडल्या. पंडितजींसाठी शंकर महादेवन, सदाशिवसाठी महेश काळे आणि खाँसाहेबांसाठी वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे गायले. राहुल तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. नावाने हा चित्रपटाचा ध्वनिसंग्रह असला तरी गुणाने तो नाट्यसंगीताच्या एका कालखंडाचा निवडक संग्रहच आहे. प्रौढांना त्यात त्यांची जुनी आवडती पदे मिळाली. तरुणांना ती पहिल्यांदा मिळाली. या चित्रपटासाठी महेश काळे यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे ‘मी वसंतराव’ या चित्रपटासाठी राहुल देशपांडे यांनाही तो मिळाला. २०२२ मध्ये त्याची घोषणा झाली.

गायनाबद्दल मी हात राखून लिहिणार नाही. राहुल यांची तान वेगवान आणि स्वच्छ आहे. आजोबांच्या गाण्यातला ठुमरीचा पंजाबी अंग त्यांनी आत्मसात केला आहे. एकच पद पंडितजींच्या आणि खाँसाहेबांच्या गायकीत वेगवेगळे होऊन येते तेव्हा गायकी म्हणजे काय हे न शिकलेल्या श्रोत्यालाही कळते, आणि हे या संग्रहाचे मोठे काम आहे. उणीव आहे ती अशी की रंगभूमीवर जे पद ‘वन्स मोअर’ घेत दहा-पंधरा मिनिटे वाढत असे ते येथे चार-पाच मिनिटांत घासूनपुसून उभे केले आहे. वसंतरावांच्या गाण्यात जो धोका होता, स्वर आता निसटतो की काय अशी जी धाकधूक होती, ती या चकचकीत ध्वनिमुद्रणात विरून जाते. पण हे गाऱ्हाणे एकट्या आजच्या पिढीवर लादता येणार नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांनीही आपली ठुमरी तबकडीच्या तीन मिनिटांत बसवली होती आणि तीच घराघरांत गेली. शास्त्रीय गायकाने बाजाराच्या मापात स्वतःला कापून घेणे, हे काही आजचे नाही.

वसंतरावांबद्दलही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ते सुखात वाढलेले गायक नव्हते. आईने त्यांना एकटीने वाढवले. आयुष्याची कितीतरी वर्षे त्यांनी लष्कराच्या हिशेबखात्यात कारकुनी केली. नागपुरात शंकरराव सप्रे, लाहोरात असद अली खाँ, पुण्यात सुरेशबाबू माने, असे जेथे मिळेल तेथून त्यांनी घेतले. एका घराण्याचा शिक्का नाही म्हणून जाणकारांनी त्यांना बराच काळ दूर ठेवले. ‘मी वसंतराव’ हा चित्रपट याच उपेक्षेची कथा सांगतो आणि ती खरी आहे. परंतु घराण्याबाहेर असणे आणि गावकुसाबाहेर असणे यांत अंतर आहे. घराण्याबाहेरच्या माणसाला उशिरा का होईना आत घेतात आणि मग त्याच्या उपेक्षेचाही गौरव होतो. गावकुसाबाहेरच्या माणसाची उपेक्षा झाली, हेच मुळात कोणाच्या ध्यानात येत नाही.

‘कट्यार’ची कथाही या दृष्टीने वाचली पाहिजे. सदाशिव हा पंडितजींचा शिष्य. खाँसाहेब त्याला विद्या देत नाहीत, म्हणून तो त्यांच्या हवेलीत नोकर होऊन राहतो आणि चोरून शिकतो. प्रेक्षक सदाशिवसाठी डोळे पुसतो. विद्या नाकारलेल्या मुलासाठी या समाजाला रडता येते, हे पाहून मला बरे वाटले. परंतु विद्या नाकारणारा मुसलमान उस्ताद आणि चोरून शिकणारा उच्चवर्णीय तरुण, ही जी मांडणी आहे ती महाराष्ट्रातील संगीताच्या इतिहासाला धरून आहे काय? अल्लादिया खाँसाहेबांनी भास्करबुवा बखल्यांना विद्या दिली आणि त्याच भास्करबुवांनी १९११ साली पुण्यात भारत गायन समाज स्थापन केला. अब्दुल करीम खाँसाहेबांनी सवाई गंधर्वांना घडवले. सवाई गंधर्वांनी भीमसेन जोशींना घडवले आणि भीमसेनांनी १९५३ पासून पुण्यात गुरूंच्या नावे महोत्सव उभा केला. आज ज्याला पुण्याचे वैभव म्हणतात त्याच्या पायाशी उस्तादांचे दिलेपण आहे. चोरून शिकण्याची वेळ ज्यांच्यावर खरोखर आली ते एकलव्याचे लोक. ते या हवेलीत नोकर म्हणूनही येत नाहीत. कथेत त्यांना नोकराचीसुद्धा भूमिका नाही. त्यांची जागा सदाशिवने घेतली आहे.

आता दुसऱ्या नातवाकडे येतो. प्रल्हाद शिंदे मंगळवेढ्याचे. जन्म १९३३ चा. कव्वाली, भीमगीत, भक्तिगीत, लोकगीत, सगळे त्यांच्या गळ्यातून गेले. आषाढीला पंढरपूरच्या रस्त्यावर, एस.टी. स्टँडवर, चहाच्या टपरीवर विठ्ठल ऐकू येतो तो बहुधा त्यांच्या आवाजात. येथे काही तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. मंगळवेढ्यालाच गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखामेळा गाडला गेला आणि त्याची समाधी पंढरपूरच्या मंदिराबाहेर, पायरीशी झाली. ते मंदिर अस्पृश्यांना उघडले १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. प्रल्हाद शिंदे तेव्हा चौदा वर्षांचे होते. ज्या मुलाला चौदाव्या वर्षापर्यंत मंदिराचा उंबरा बंद होता त्याच्याच आवाजाने पुढे त्या देवाची वारी चालली. याहून मोठे ओलांडणे महाराष्ट्राच्या संगीतात दुसरे कोणते आहे? पण प्रल्हाद शिंदे यांच्या संदर्भात क्रॉसओव्हर हा शब्द कोणी वापरला आहे काय?

त्यांच्या निवडक गाण्यांचे जे झाले ते तर अधिक बोलके आहे. कॅसेटच्या दुकानात विठ्ठलाची गाणी एका फळीवर असत आणि भीमगीते दुसऱ्या फळीवर. एक फळी वर्षभर पुढे, दुसरी एप्रिलमध्ये आणि डिसेंबरमध्ये पुढे. गळा एक, पण त्याचे दोन तुकडे करून विकले गेले. एका तुकड्याचा श्रोता दुसऱ्या तुकड्याला ओळखत नव्हता. कित्येक भाविकांना हा आवाज भीमजयंतीच्या मंचावरचा आहे हे ठाऊक नाही, आणि ठाऊक असते तर तो देव्हाऱ्याजवळ लावला गेला असता की नाही, हा प्रश्न मी मोकळा ठेवते. निवडक गाण्यांचा संग्रह ही निरुपद्रवी वस्तू नसते. निवडणारा जे ठेवतो त्याइतकेच जे वगळतो त्यातूनही बोलतो. वसंतरावांचा संग्रह काढताना ख्याल, ठुमरी आणि नाट्यपद एकत्र ठेवतात आणि त्याला चतुरस्रपणा म्हणतात. प्रल्हाद शिंद्यांची चतुरस्रता मात्र फळ्यांत विभागली जाते.

आपल्या चळवळीचा हिशेबही येथे मांडला पाहिजे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध गायकाने विठ्ठल का गावा, हा आक्षेप कार्यकर्त्यांनी घेतला आणि तत्त्वाच्या दृष्टीने तो समजण्यासारखा आहे. परंतु गायकाचे घर कशावर चालावे याची व्यवस्था आपण केली नव्हती. बाजार पैसे देत होता ते एका फळीचे. वामनदादा कर्डकांनी दुसऱ्याच फळीवर आयुष्य काढले आणि त्यांचे हाल आपण पाहिले. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ साली, काही आठवड्यांच्या अंतराने गेले. त्या दोघांपैकी एकाचाही सगळा आवाज एकत्र, तारखांसह आणि कवींच्या नावांसह, आपण आजवर सिद्ध केलेला नाही.

प्रल्हाद शिंद्यांचे नातू आदर्श शिंदे. आनंद शिंद्यांचे चिरंजीव. सुरेश वाडकरांकडे शिकलेले. २०१३ च्या ‘दुनियादारी’त देवाच्या गाभाऱ्याला उद्देशून केलेले विरहाचे गाणे त्यांनी गायले आणि ते महाराष्ट्रभर गेले. ते गाणे नीट ऐकावे. वरच्या स्वरावर आवाज न चिरता थांबतो, खाली येताना हुंदका दाबून धरतो. हा संयम तालमीशिवाय येत नाही. तरीही परीक्षणांत शब्द येतात ते ठरावीक: पहाडी आवाज, रांगडा आवाज, मातीतला आवाज. राहुल देशपांड्यांच्या आवाजाबद्दल लिहिताना शब्द येतात ते तालमीचे, रियाजाचे, विचाराचे. एकाचा गळा निसर्गाने दिलेला, दुसऱ्याचा साधनेने कमावलेला! दोघांनाही आजोबा आहेत, दोघांच्या घरी तीन पिढ्यांचे गाणे आहे. मग एकाला वारसा म्हणावयाचे आणि दुसऱ्याला माती म्हणावयाचे, ही समीक्षेची भाषा आहे की जातीची? या दोन गायकांना एकमेकांसमोर उभे करून कोणाला कमी ठरवण्याचा माझा हेतू नाही. दोघेही आपापल्या जागी मेहनती कलावंत आहेत. माझे भांडण आहे ते त्यांच्याबद्दल वापरल्या जाणाऱ्या दोन शब्दकोशांशी.

मधली भिंत दिसत नाही, कारण तिला एक दार आहे. ते दार एका बाजूने सहज उघडते. शास्त्रीय गायक अभंग गातो, लावणी गातो, चित्रपटात गातो, आणि ते त्याचे औदार्य ठरते. कुमार गंधर्वांनी देवासला राहून माळव्यातील लोकधुना गोळा केल्या आणि त्यांतून नवे राग उभे केले. त्यांनी त्या धुनांचे ऋण लपवले नाही. त्यांची प्रतिभाही निर्विवाद आहे. पण रागाला नाव मिळाले, त्या धुना गाणाऱ्या बायांना मिळाले नाही. उलट बाजूने, जलशातला गायक ख्याल गाऊ लागला तर त्याला औदार्य म्हणत नाहीत, हौस म्हणतात.

पुण्याला या दाराचा एक फार जुना दाखला माहीत आहे. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी नावाचा रेठरे हरणाक्षचा ब्राह्मण तमाशात आला आणि पठ्ठे बापूराव झाला. त्याने जात टाकली, त्याची किंमतही मोजली. १९४५ साली तो पुण्यातच गेला. त्याचे कवित्व मोठे आहे, हे मान्य. पण त्याच्या फडाचा प्राण असलेली पवळा ही महार समाजातली कलावती. तिचे गाणे कसे होते, ती ताल कशी सांभाळी, याबद्दल कोणी लिहिले? तिच्याबद्दल लिहिले गेले ते रूपाबद्दल. ब्राह्मण पुरुषाचे ओलांडणे हे त्यागाची कथा झाले आणि दलित स्त्रीची कला ही त्या कथेतली सजावट झाली. महाडच्या लढ्याच्या काळात बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून मदत देऊ केली आणि बाबासाहेबांनी ती नाकारली, ही हकिकत चळवळीत सर्वांना माहीत आहे. महार स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. बाबासाहेबांनी जलशाचे मोल ओळखले होते, म्हणून ते कलेचे विरोधक नव्हते. त्यांनी एकच विचारले: या मिश्रणाची किंमत कोण मोजते आहे? आजच्या प्रत्येक क्रॉसओव्हरला हाच प्रश्न लावून पाहावा.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. संगीतात जात नसते, सूर लागला की लागला. सूर लागण्यापूर्वी काय काय लागते ते मी सांगते. ताडीवाला रस्त्यावरून येणारी माझी एक विद्यार्थिनी शहरातील एका गायनवर्गात गेली. तिचे गाणे ऐकून तेथील बाईंनी प्रेमानेच सांगितले, आवाज चांगला आहे, पण तुम्ही लोकगीते घ्या. ख्यालाला लहानपणापासून घरात गाणे लागते. ती मला येऊन म्हणाली, “मॅडम, आमच्या घरात गाणं नव्हतं का?” तिचे आजोबा भजन आणि भीमगीत दोन्ही गात. घरात गाणे होते. रियाजाला खोली नव्हती, पहाटे पाण्याच्या नंबराची वेळ होती आणि तानपुरा ठेवायला भिंत नव्हती. गायनवर्गाच्या दारावर जातीची पाटी नसते. तेथे ‘घरात गाणे’ हा शब्द असतो आणि तो पाटीचेच काम करतो.

म्हणून मला असे वाटते की या प्रश्नावर आपण दोन चुका टाळल्या पाहिजेत. राग हे ब्राह्मणी आहेत म्हणून नकोत, ही पहिली. राग उस्तादांनी सांभाळले, कलावंतिणींनी सांभाळले, लोकधुनांनी त्यांना जन्म दिला. पेठेतल्या सभागृहांत ते नंतर आले. ज्या वस्तूत आपले रक्त आहे ती दुसऱ्याच्या नावे करून सोडून देणे हा विद्रोह नव्हे. दुसरी चूक म्हणजे शास्त्रीय मंचाचे प्रमाणपत्र मिळाले की गायक मोठा झाला असे मानणे. कर्नाटक संगीतात टी. एम. कृष्णा या गायकाने, स्वतः ब्राह्मण असून, आपल्याच मंचाला जातीचा प्रश्न विचारला. २०१६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०२४ मध्ये संगीतकलानिधी सन्मान जाहीर होताच त्यांच्याच क्षेत्रातील काहींनी गदारोळ केला. पुण्याच्या मंचावरून असा प्रश्न ऐकण्याची मी वाट पाहते आहे. मात्र तोवर आपले काम थांबवण्याचे कारण नाही.

काम साधे आहे. आदर्श शिंद्यांच्या गाण्यावर सूर, लय, शब्दोच्चार, स्वरलगाव या कसोट्यांवर लिहा. ‘पहाडी’ हा शब्द वर्षभर वापरू नका. महाविद्यालयांतील शिक्षकांनी भीमगीतांच्या चालींवर विद्यार्थ्यांकडून प्रकल्प करून घ्यावेत: चाल कोणत्या रागाच्या जवळ जाते, ठेका कोणता, कव्वालीचे काय आणि भजनाचे काय. येत्या १४ एप्रिलला मंचासमोर मोबाइल धरून उभे राहाल तेव्हा केवळ गायकाचे चित्रण करून थांबू नका. गाणे कोणी लिहिले, चाल कोणाची, ढोलकीवर कोण, कोरसमधील बाईचे नाव काय, हे विचारून लिहून ठेवा. आपल्या निवडक गाण्यांची निवड आजवर दुकानदाराने केली. ती आता आपण करू, आणि तिच्यात विठ्ठल आणि भीमराव यांना एकाच फळीवर ठेवण्याचे धैर्य दाखवू. माझी ती विद्यार्थिनी आता दुसऱ्या एका गुरूंकडे यमन शिकते आहे, आणि रविवारी आजोबांची वही घेऊन बसते. ती त्या वहीतील गाण्यांच्या चाली लिहून काढते आहे. आतापर्यंत बावीस झाल्या.